घरच्या आडात कॅमेरा सोडायचाय? मग आधी दोरी आणि उजेडाचं बघा

आमच्या रामबागेतल्या घरामागे परसात आड आहे. विहीर नाही म्हणत त्याला कोणी, आडच. ८ फूट रुंद, ४२ फूट खोल, दगडी काठ, वर लोखंडी जाळी आणि जाळीवर सासूबाईंचं वाळवण. इंदूरला नळाला नर्मदा येते एक दिवसाआड आणि मधल्या दिवशी आमचा आड, हा विनोद सासरे म्हणजे आमचे अण्णा गेली चाळीस वर्षं करतायत आणि घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला तो हसून घ्यावा लागतो, मीही घेतला होता.

तर गेल्या वर्षी संक्रांतीनंतर त्या पाण्याला वास यायला लागला. पीत नाही आम्ही ते, धुणं, फरशी, झाडं एवढंच, पण वास तो वासच. तीन जण येऊन बघून गेले. एक म्हणाला गाळ काढा, दुसरा म्हणाला आड संपला आता बोरिंग मारा, तिसरा म्हणाला स्लॅब टाका आणि वर स्कूटर लावा. तिघांनीही काठावरून वाकूनच निदान केलं होतं. वरून काय दिसतं हो, पहिले दहा फूट आणि खाली पाण्यात आपलंच डोकं. पैसे मात्र तिघांनीही वेगवेगळे आणि भरपूर सांगितले. मग म्हटलं आधी आत बघू तरी काय आहे. त्यातून जे शिकले ते लिहितेय, कारण मला कोणी सांगितलं असतं तर माझे दोन महिने आणि एक फोन वाचला असता.

पहिली चूक आम्ही केली ती सगळेच करतात. भाच्यानं जेल रोडवरून तो वायरचा बारीक एंडोस्कोप कॅमेरा आणला, फोनला लावायचा, पुढे सहा इवले एलईडी, १० मीटर वायर. दुकानदार म्हणाला वॉटरप्रूफ आहे भिया, आरामात जाईल. गेला आरामात, दिसलं काही नाही. काळं, काळं, मधूनच काहीतरी करडं, परत काळं. कॅमेरा खराब नव्हता, तो ह्या कामाचाच नव्हता. हे कॅमेरे पाइपात, इंजिनात, कानात घालायला बनवलेले, त्यांचा फोकस साधारण ३ ते १० सेंटिमीटरवर बसवलेला असतो आणि आडाच्या मधोमध टांगला की भिंत चार फुटांवर. उजेडाचं तर विचारूच नका. अंतर वाढलं की उजेड वर्गाच्या हिशोबानं कमी होतो, म्हणजे चार इंचांवर जेवढा पडतो त्याच्या १४४ वा भाग चार फुटांवर. ते सहा एलईडी म्हणजे देवघरातल्या समईनं राजवाडा दाखवायचा प्रकार. मोरीचा पाइप तुंबला की मात्र हाच कॅमेरा लाख मोलाचा, म्हणून फेकू नका, पुढे आमच्याही कामाला आला.

कोणताही साधा कॅमेरा चालतो, पण उजेड नसेल आणि दोरी गोल फिरत असेल तर महागडाही फुकट जातो. म्हणून खर्चाची सुरुवात कॅमेऱ्यापासून करू नका.

पण त्याही आधी सेफ्टीचं. आडात उतरायचं नाही. कोणीही नाही, "मी लहानपणी उतरायचो" म्हणणाऱ्या काकांनी तर मुळीच नाही. बंद, जुन्या विहिरीत खाली कार्बन डायऑक्साइड साठतो, तो हवेपेक्षा जड, कुजणाऱ्या गाळातून विषारी वायू निघतो, ऑक्सिजन कमी असतो आणि ह्यातलं काही डोळ्यांना दिसत नाही. एक खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा जातो आणि दोघंही जातात, उन्हाळ्यात अशा बातम्या दरवर्षी वाचतो आपण. कंदील सोडून बघायची जुनी पद्धत आहे, पण कंदील विझला नाही म्हणजे हवा चांगली असं नसतं. कॅमेरा सोडायचाच मुळी माणूस सोडायला लागू नये म्हणून.

दुसरं म्हणजे आडावर जे झाकण आहे त्यावर उभं राहू नका. ३० मार्च २०२३ ला, रामनवमीला, आपल्याच पटेल नगरमधल्या मंदिरात बावडीवर टाकलेला स्लॅब खचला आणि ३६ माणसं गेली. इंदूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, पण आपल्या घरातली जाळी किंवा फरशी तेवढीच जुनी असते हे आपण विसरतो. आमच्या जाळीचे दोन गज बोटानं दाबले तर पापडासारखे तुटले, त्याच जाळीवर वाळवण घालायला आम्ही कित्येक वर्षं चढत होतो. तर बाजूला उभं राहून काम करायचं, काठ छातीपर्यंत नसेल तर कमरेला दोरी बांधून ती खांबाला बांधायची, लहान मुलं घरात कोंडायची, साडीचा पदर आणि ओढणी खोचायची. सबमर्सिबल किंवा मोटर असेल तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, एमसीबी पाडायची आणि तिथे एकाला बसवायचं, नाहीतर कोणीतरी टाकी भरायला म्हणून चालू करतंच. आमच्याकडे केली.

आता सामान. २ फूट लांब पाऊण इंची पीव्हीसी पाइप, प्लंबरकडे तुकडा फुकट मिळतो. वेणी घातलेली नायलॉनची दोरी, ६ एमएम, आडाच्या खोलीच्या तिप्पट, कारण दोन पदर खाली जाणार आणि एक जास्तीचा. सियागंजात किलोवर मिळते. काथ्याची किंवा पिळाची दोरी घेऊ नका, वजन लागलं की पीळ उलगडतो आणि कॅमेरा भोवऱ्यासारखा गरगरतो, आमचा पहिला व्हिडिओ बघून सासूबाईंना खरोखर चक्कर आली होती. दोन चांगले चार्जिंगचे टॉर्च, पाण्याखाली जायचं असेल तर पाण्याखाली चालणारेच. खाली लटकवायला वजन, आम्ही रद्दीवाल्याकडून जुनं २ किलोचं लोखंडी माप घेतलं. एक बांबू, ४ फुटाचा. रंगीत इन्सुलेशन टेप. बस.

कॅमेरा म्हणून पाण्याच्या वर वर बघायचं असेल तर जुना फोन पुरतो. पाण्याखाली जायचं असेल तर ॲक्शन कॅमेरा पाहिजे, गोप्रोचे पाचव्या मॉडेलपासूनचे केस न लावता १० मीटरपर्यंत चालतात, लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या ओळखीतल्या मुलाकडून एक दिवसासाठी आणा, विकत घ्यायची गरज नाही. फोन झिपच्या पाउचमध्ये घालून पाण्याखाली सोडायचा मोह आवरा. एक फोन वाचला असता असं मी वर म्हटलं ना, तो फोन तिथेच गेला. पाउच चांगला होता, झिपमध्ये शेवेचा एक कण अडकला होता आणि तेवढं पुरलं.

जोडणी अशी. पाइपच्या मधोमध कॅमेरा, तोंड खाली नाही, बाजूला, भिंतीकडे. पाइपच्या दोन्ही टोकांना एकेक टॉर्च, थोडे आतल्या बाजूला वळवून, म्हणजे दोन्ही झोत भिंतीवर कॅमेऱ्यासमोर येऊन मिळतील. टॉर्च कॅमेऱ्याला चिकटवून बांधला की भिंतीचे सगळे खाचखळगे सपाट दिसतात, आणि पाण्याखाली तर पाण्यातली धूळच चमकते, धुक्यात गाडीचा हायबीम लावल्यासारखं. बाजूनं उजेड आला की भेग भेगेसारखी दिसते. पाइपाच्या मधून खाली वजन. आणि मुख्य गोष्ट, दोरी मधून बांधायची नाही, दोन्ही टोकांना एकेक बांधायची आणि वर ते दोन्ही पदर बांबूच्या दोन टोकांना न्यायचे. झोपाळा कसा असतो, तसं. एका दोरीवर टांगलेली वस्तू फिरणारच, दोन दोऱ्यांवरची नाही फिरत, आणि वर बांबू वळवला की खाली कॅमेरा थोड्या वेळानं आज्ञाधारकपणे तेवढाच वळतो. हे सुचलं अण्णांना, पाळण्याकडे बघून. आम्ही तोवर यूट्यूब बघत बसलो होतो.

पाण्यात सोडणार असाल तर पाइपला सात-आठ भोकं पाडा. नाहीतर आत हवा अडकते आणि यंत्र पाण्यात तिरकं होऊ शकतं.

दोरीला दर २ फुटांवर टेप गुंडाळा, दर १० फुटांवर लाल. ही मोजणी कॅमेऱ्याच्या भिंगापासून करायची, पाइपपासून नाही, नाहीतर पुढे प्लंबरला फोडायला सांगाल १३ फूट आणि गळती निघेल १२ वर. आणि फूट मोजताना मोठ्यानं ओरडायचं. हसू नका, हे खरंच उपयोगी आहे, "आठ! दहा! बारा!" असं वरून ओरडलं की ते रेकॉर्डिंगमध्ये घुमून येतं आणि नंतर व्हिडिओ बघताना कुठली भेग किती खोलीवर हे कळतं. दिशेचंही तसंच, "मोरीची बाजू", "पिंपळाची बाजू", "गल्ली". उत्तर-दक्षिण म्हणून कोणाच्या लक्षात राहत नाही. पाण्याखाली आवाज जात नाही, तिथे दर २ फुटांवर थांबून दोरीला दोन हिसके द्यायचे, चित्र हलतं, ती खूण.

फोन असेल तर एअरप्लेन मोडवर टाका, मध्येच कोणाचा तरी फोन येतो. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, हाताच्या अंतरावर नाही, भिंत जेवढी लांब असणार तेवढ्या अंतरावर, आम्ही घराच्या भिंतीपासून चार फुटांवर उभं राहून लॉक करायचो. लॉक नाही केला तर तो अंधारात बिचारा सारखा फोकस शोधत राहतो. वायफायवर वर बसून लाइव्ह बघता येतं, पण पाण्याला कॅमेरा लागला की दोन-चार इंचांत सिग्नल गेला, पाणी ते खाऊन टाकतं, कॅमेऱ्यात बिघाड नाही, रेकॉर्डिंग आत चालू असतं, घाबरून वर ओढू नका. थंडीत सकाळी आडातून वाफ निघते ते बघितलंय ना? तेव्हा थंडगार कॅमेरा आत सोडला की भिंगावर दव धरतं. दहा मिनिटं काठाच्या आत तीन-चार फुटांवर टांगून ठेवा, मग पुसून सोडा.

सोडायचा वेग, एका फुटाला तीन सेकंद तरी. मनात म्हणा एक-दोन-तीन. उजेड कमी असला की कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो, त्यात तुम्ही भरभर सोडलं तर सगळं पुसट. एका बाजूनं तळापर्यंत, वर, पाव फेरी बांबू वळवा, परत खाली. चार फेऱ्या. अर्धा तास जातो आणि खांदे दुखतात, रहाट असेल तर दोरी त्यावरून नेऊ नका, दोन पदर एकमेकांत अडकतात, काठावर जुना टायर ठेवून त्यावरून सोडा.

उजेडाबद्दल अजून एक. भिंत बघायची तर कडक ऊन नको, अर्धी भिंत पांढरी आणि अर्धी काळी येते, संध्याकाळी पाचनंतर आपल्या टॉर्चवर करा. पण तळ बघायचा असेल तर उलट. इंदूर २२.७ अंशांवर, कर्कवृत्ताच्या थोडं खाली, म्हणून सूर्य वर्षात दोनदा बरोब्बर आपल्या डोक्यावर येतो, जूनचा पहिला आठवडा संपता संपता आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात. जुलैत ढग असतात, ते सोडा. जूनमध्ये दुपारी १२ वाजून २५ मिनिटांच्या आसपास, हो, बाराला नाही, कारण आपलं घड्याळ मिर्झापूरकडच्या रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला, तर तेव्हा ऊन सरळ आडात उतरतं आणि पाणी स्वच्छ असेल तर तळ नुसत्या डोळ्यांना दिसतो. मेच्या मध्यापासूनच बऱ्यापैकी जमतं. बडोद्याच्या लोकांनाही हे चालेल. ग्वाल्हेरला सूर्य डोक्यावर कधीच येत नाही पण २१ जूनला तीनेक अंशच कमी पडतात, आणि तेवढे आरशानं भरून निघतात. आरसा म्हणजे जुनीच युक्ती, आडात भांडं पडलं की आजी लोक दाढीचा आरसा घेऊन ऊन आत मारायच्या. आम्ही कपाटाचा मोठा आरसा घेतला, एकानं आरसा धरायचा, एकानं दोरी. टॉर्चपेक्षा सरस.

आता दिसतं काय ते. मला वाटलं होतं गोल भिंत आणि शेवाळ, संपलं. पण आड वरून खाली वाचता येतो. आमच्यात वरचे १६-१७ फूट घडीव दगड, चुन्यात बसवलेले, मधून मधून उतरायला पुढे काढलेले दगड. त्याच्या मागे काळी माती आणि मुरूम, तो ढासळू नये म्हणून हे बांधकाम. त्याखाली बांधकाम संपतं आणि उघडा खडक लागतो, आपल्या माळव्याचा काळा दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात बुडबुड्यांची भोकं असतात आणि काहींत पांढरे स्फटिक भरलेले, टॉर्च पडला की लुकलुकतात, भाचा तर एकदम ओरडलाच हिरे हिरे म्हणून. पाणी येतं ते अखंड दगडातून नाही, त्याच्या भेगांतून आणि दोन थरांच्या सांध्यांतून.

हिरवं शेवाळ जिथवर उजेड पोहोचतो तिथवरच, आमच्यात पहिले सात-आठ फूट. त्याखालीही हिरवं दिसलं तर टॉर्चचा रंग तपासा. पांढरे ओघळ म्हणजे क्षार, तिथून कधीतरी पाणी झिरपलंय किंवा झिरपतंय. तांबूस ओघळ बहुतेक वेळा लोखंडाचे, जुन्या पाइपच्या क्लँपखाली बघा. आडव्या गोल रेषा म्हणजे आधीच्या वर्षांत पाणी कुठे कुठे येऊन थांबलं त्या खुणा, आमच्यात सगळ्यात ठळक रेष ११ फुटांवर आहे आणि अण्णा म्हणतात ती नर्मदा यायच्या आधीची. १९७८ ला जलूदहून ७० किलोमीटर पंप करून पाणी इंदूरला आलं आणि मग घरोघरचे आड मागे पडले, कोणी त्यात निर्माल्य टाकलं, कोणी बुजवले. मुळं दिसली तर नीट बघा, केसांच्या जटेसारखी लोंबत असतील तर पिंपळ किंवा वड, ती सांध्यातून दगड हळूहळू बाहेर ढकलतात. दगड पुढे आलाय का हे समोरून कळत नाही, कॅमेरा भिंतीजवळ नेऊन खालून वर तिरकं बघितलं की फुगवटा कळतो. आमचा एक आलाय, ९ फुटांवर, पिंपळाच्या बाजूला. दर सहा महिन्यांनी त्याचा फोटो काढतो आता.

झरे शोधायचे असतील तर आधी मोटर लावून तासभर उपसा करा, बंद करा, एमसीबी पाडा आणि लगेच कॅमेरा सोडा. पाणी खाली गेल्यामुळे उघडी पडलेली भिंत जिथून परत गळायला लागते ते तुमचे झरे. वर दोरीच्या खुणेवर तासाला किती इंच पाणी चढलं ते लिहून ठेवा. आमच्या "संपलेल्या" आडात तासाला ५ इंच चढलं. बोरिंगवाल्याला हा आकडा सांगितल्यावर तो चहा न घेताच गेला.

पाण्याखालचं चित्र हवं असेल तर आदल्या दिवसापासून पोहरा, मोटर सगळं बंद. साधी बादली सोडली तरी गाळ उठतो आणि बसायला दिवस लागतो. कॅमेरा तळाला टेकवायचा नाही, टेकला की ढग. वजनाची दोरी दीड फूट लांब ठेवा, वजन टेकेल, दोरी सैल झालेली हाताला कळेल, तिथेच थांबायचं.

आता वासाचं. दुसऱ्या नीट व्हिडिओत १३ फुटांवर, मोरीच्या बाजूला, एक ओला पट्टा दिसला. टॉर्च पडला की चमकायचा, खाली राखाडी बुळबुळीत थर. प्लंबर म्हणाला झरा आहे ताई, देवाची कृपा. पण तेव्हा पाणी होतं २४ फुटांवर, त्याच्या ११ फूट वर एकटाच झरा, तोही मोरीच्याच बाजूला, आणि बाकी सगळी भिंत त्या उंचीला कोरडी ठणठणीत? म्हणून आम्ही दोन वेळा व्हिडिओ काढला, पहाटे सगळे झोपलेले असताना आणि सकाळी दहाला सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर. पहाटे पट्टा नुसता ओलसर, दहाला त्यातून थेंब गळत होते. झऱ्याला आमच्या आंघोळीच्या वेळा कुठून कळणार?

तरी प्लंबर मानेना, अण्णाही मानेनात, कारण ती मोरी त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतली होती. त्यात आली रंगपंचमी. आता इंदूरची रंगपंचमी, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघून घरातले नऊ जण असे आले की कोण कोणाचा ओळखू येईना, आणि सगळे त्याच मोरीत घासघासून धुतले गेले. तिसऱ्या दिवशी मी सहज कॅमेरा सोडला. १३ फूट, मोरीची बाजू, दगडांच्या सांध्यातून खाली दोन हात लांब गुलाबी ओघळ. मी काही बोलले नाही, फोन अण्णांच्या हातात दिला. त्यांनी तीन वेळा मागे घेऊन बघितलं आणि म्हणाले, "हा तर माझा रंग."

तुम्हाला रंगपंचमीची वाट बघायची गरज नाही. खायचा रंग बादलीभर पाण्यात कालवून संशयित मोरीत ओता, वर दोन-तीन बादल्या साधं पाणी, आणि पुढचे तीन दिवस रोज व्हिडिओ. एका वेळी एकच मोरी, दोन ठिकाणी एकच रंग ओतला तर परत भांडण. मग तो टाकून दिलेला एंडोस्कोप बाहेर काढला, मोरीच्या पाइपात घातला, आणि आठव्या फुटाला सांधा सुटलेला दिसला, अगदी स्वच्छ, फोकसमध्ये. फरशी तेवढ्याच ठिकाणी फोडली. पुस्तकात लिहितात की विहीर आणि सांडपाण्यात ५० फूट तरी अंतर हवं, जुन्या घरात ५० फूट कुठून आणायचे, आमचं अख्खं परसच तीस फुटांचं, म्हणून निदान पाइप तरी धड ठेवायचा.

कॅमेरा आत सोडायच्या आधी आणि नंतर पाइप, दोरी, वजन सगळं साबणानं धुऊन वाळवा, रद्दीवाल्याचं माप तर ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवूनच. काम झाल्यावर आडात ब्लीचिंग पावडर टाकायची, त्याचा हिशोब सोपा आहे. व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची उंची मीटरमध्ये, गुणिले ३.१४, भागिले ४, आणि गुणिले हजार, आले लिटर. दर हजार लिटरला चांगली पावडर अडीच ग्रॅम. आमचा व्यास २.४ मीटर, पाणी ४ मीटर धरलं तर १८ हजार लिटर, म्हणजे ४५ ग्रॅम. पावडर कोरडी भिरकावू नका, बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी पोहऱ्यातून खाली सोडून हलवा, कमीत कमी एक तास कोणी हात लावायचा नाही. गळती बंद व्हायच्या आधी हे करून उपयोग नाही, आम्ही केलं होतं, चार दिवसांत वास परत. आणि हे केलं म्हणजे पाणी प्यायचं झालं असं नाही, प्यायचं असेल तर लॅबमधून तपासून घ्या.

ज्यांच्या घरी बोरिंग आहे त्यांच्यासाठी थोडक्यात, हा पाळणा तिकडे चालणार नाही, भोक सहा इंचाचं. तिथे खाली आणि बाजूला दोन्हीकडे बघणारा कॅमेरा, विंच आणि स्क्रीन घेऊन माणसं येतात, त्यांनाच बोलवा. आणि आत मोटर, पाइप असताना घरचा कॅमेरा बिलकुल सोडू नका, पाइप आणि केसिंग, म्हणजे भोकाच्या आतून बसवलेला मोठा पाइप, ह्यांच्या मध्ये अडकला की मग कॅमेरा काढायचा खर्च वेगळा, मोटर काढायचा वेगळा.

व्हिडिओचं नाव ठेवताना तारीख आणि पाण्याची खोली टाका, सहा महिन्यांनी दोन व्हिडिओ शेजारी लावून बघायला तेच लागतं.

हां, आणि तळाचा व्हिडिओ घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकटं दाखवू नका. आम्ही जूनमध्ये साडेबाराच्या उन्हात काढला, तळाशी गाळात दोन पोहरे, एक चप्पल, क्रिकेटचे चेंडू आणि एक तांब्या, आडवा पडलेला, अर्धा बुडालेला. सासूबाई चष्मा पुसून आल्या आणि म्हणाल्या थांबव, मागे घे. काठावरचा ठोका ओळखला त्यांनी, लग्नातला, माहेरचा, पडला तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरला होता म्हणे. मग काय, शेजारून गळ आणला आणि तो तांब्या काढायला अख्खं घर काठाशी. पहिल्याच फेरीत गळ गाळात रुतला, पाणी चहासारखं झालं आणि दोन दिवस काही दिसेना. तिसऱ्या दिवशी कॅमेरा खाली, आरसा भाच्याकडे, गळ अण्णांकडे, आणि सासूबाई वरून, "डावीकडे, डावीकडे, अहो तुमचं डावीकडे नाही, माझं."

निघाला. चिंच लावून घासलाय, पण तळाला एक छोटं भोक आहे, त्यात आता तुळस लावलीय.